बाहेर गर्जना, आत मौन!

विधिमंडळाचे किंवा संसदेचे अधिवेशन सुरू झाले की अलीकडे एक दृश्य नित्याचे झाले आहे. विरोधी पक्षाचे एखादे सदस्य सभागृहात उभे राहतात, तीन-चार मिनिटे आवेशाने बोलतात, आणि ते खाली बसतात न बसतात तोच त्यांच्या भाषणाची चित्रफीत फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्स या समाजमाध्यमांवर झळकू लागते. वर ठळक अक्षरांत मथळा, मागे ढोलताशांचा गजर आणि ‘सरकारची बोलती बंद’ असा निर्वाळा! संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत पुण्याच्या पेठांतून, दादर-पार्ल्याच्या घराघरांतून हिंडून परदेशी गेलेल्या लेकासुनांच्या भ्रमणध्वनीपर्यंत पोचलेली असते. ती पाहून आपला प्रतिनिधी जागा आहे, असे समाधान सुजाण नागरिकास वाटते; आणि तसे वाटावे यात गैर काहीच नाही.

परंतु याच नागरिकाने दुसऱ्या दिवशी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. ज्या विधेयकावर एवढे घणाघाती भाषण झाले, ते मतास टाकले गेले तेव्हा या सदस्याने कोणत्या बाजूस मत दिले? ते त्या वेळी सभागृहात तरी होते काय? भाषण सापडते, त्यावर पडलेल्या पसंतीच्या अंगठ्यांची संख्याही सापडते. मत मात्र बहुतेक वेळा सापडत नाही. लोकप्रतिनिधीला आपण निवडून देतो ते भाषणासाठी, हे खरे; पण त्याहूनही अधिक मतासाठी. कायदा भाषणाने होत नाही, मताने होतो. आणि नेमकी हीच गोष्ट आज मतदारापासून झाकलेली आहे.

जनसुरक्षा विधेयकाचा धडा

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. एखादी संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारला देणारे आणि कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद असलेले हे विधेयक. २०२४ च्या जुलैत ते प्रथम मांडले गेले तेव्हापासून त्यावर वादंग माजले होते. पुढे ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. चंद्रशेखर बावनकुळे हे समितीचे अध्यक्ष होते, आणि तीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ सदस्यही होते. समितीकडे जनतेच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. एवढा लोकक्षोभ ज्या विधेयकाभोवती उसळला, त्यावर विधानसभेत तुंबळ संग्राम होईल अशी कोणाचीही अपेक्षा असणार.

प्रत्यक्षात काय झाले? काही विरोधी सदस्यांनी शंका विचारल्या, काहींनी सूचना केल्या. समितीच्या अहवालास कोणी भिन्नमतपत्रिका जोडलेली नाही, असे सरकारने सांगितले. विधेयकास स्पष्ट विरोध नोंदविला तो एकाच सदस्याने, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. अध्यक्षांनी प्रस्ताव मतास टाकला, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे असे सांगितले, आणि आवाजी मतदानाने विधेयक संमत झाले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तेथेही ते पार पडले. त्यानंतर मात्र विरोधी गोटांतून निषेधाचा एकच कल्लोळ उठला. पत्रके निघाली, सभा झाल्या, समाजमाध्यमांवर चित्रफितींचा पाऊस पडला. हा कायदा म्हणजे लोकशाहीचा गळा घोटणे होय, असे आपल्याला आवर्जून सांगण्यात आले.

विधेयक चांगले की वाईट, हा आजच्या लेखाचा विषय नाही. तो वाद न्यायालयात आणि जनतेसमोर यथावकाश होईल. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जो कायदा लोकशाहीचा गळा घोटणारा आहे असे सभागृहाबाहेर वाटते, त्याच्यासमोर सभागृहात उभे राहून ‘मतविभागणी घ्या, आमची नावे विरोधात नोंदवा’ एवढे म्हणावयास कोणी अडविले होते? २८८ सदस्यांच्या सभागृहात विरोधकांची संख्या जेमतेम पन्नास. ते हरणार होते हे उघडच होते. पण हरण्याच्या भीतीने नाव न नोंदविणे हा पराभव टाळण्याचा मार्ग नव्हे. डहाणूच्या एकट्या आमदाराला आपण हरणार हे ठाऊक नव्हते काय?

आवाजी मतदानाचा पडदा

आवाजी मतदान ही मूळची सोयीची गोष्ट. ज्या प्रस्तावावर मतभेदच नाही, त्यासाठी एकेका सदस्याचे मत मोजीत बसणे हा कालापव्यय, म्हणून ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा गलका ऐकून अध्यक्षांनी निर्णय द्यावा अशी प्रथा पडली. तीत गैर नाही. मात्र निर्णय कोणास मान्य नसेल तर त्याने मतविभागणी मागावी आणि मग नावानिशी मत नोंदले जावे, ही या प्रथेची दुसरी बाजू आहे. पहिली बाजू आपण घट्ट धरली आणि दुसरी सोडून दिली. परिणामी जी सोय बिनविरोध प्रस्तावांसाठी होती, तिचा उपयोग वादग्रस्त प्रस्तावांवर पडदा टाकण्यासाठी होऊ लागला.

महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने विधानसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. भारतीय जनता पक्षाचे १२१ सदस्य, म्हणजे बहुमताला बऱ्याच जागा कमी. राष्ट्रवादी काँग्रेसने ४१ आमदारांच्या बळावर बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, आणि शिवसेना त्या दिवशी विरोधी बाकांवर होती. ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे घोषित झाले. शिवसेना आणि काँग्रेस यांनी मतविभागणीसाठी आकांडतांडव केले, पण व्यर्थ! त्या दिवशी सरकार तरले. पण ते कोणाच्या मतावर तरले, कोणी ‘होय’ म्हटले आणि कोणी नुसते ओठ मिटून घेतले, याचा नावनिशीवार पुरावा इतिहासाला कधीच मिळणार नाही. ज्या पक्षांनी निवडणुकीत एकमेकांवर तोफा डागल्या होत्या, त्यांना मतदारापुढे हिशेब देण्याचा प्रसंगच त्या आवाजाने टाळून दिला. पुढे ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांच्या सरकारवरील विश्वासठराव आला तेव्हा मात्र शिरगणती झाली आणि १६९ सदस्य अनुकूल असल्याची नोंद झाली. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारच्या बाजूने १६४ आणि विरुद्ध ९९ मते पडली, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे मोजणे अशक्य नाही. मोजावयाचे की नाही, हा इच्छेचा प्रश्न आहे.

दिल्लीतही निराळे चित्र नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. सदस्य आपापल्या जागी नव्हते, असे कारण देऊन ती नाकारण्यात आली. गदारोळ झाला, आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. आपल्या महाराष्ट्राचे राजीव सातव हे त्यांपैकी एक. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेवाचून, पुन्हा आवाजी मतदानानेच संमत केले! कायदे आले ते आवाजाने आणि गेले तेही आवाजाने. त्या दोन्ही वेळी कोणता खासदार कोठे उभा होता हे विचारणाऱ्या शेतकऱ्याला संसदेची कागदपत्रे निरुत्तर करतात. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते, आणि त्याच अधिवेशनात दीडशे वर्षांचा फौजदारी कायदा बदलणारी तीन विधेयके लोकसभेत अशीच संमत झाली. सत्ताधाऱ्यांना हा पडदा सोयीचा आहे, यात शंका नाही. लोकशाहीत विरोधकाला मत नोंदवू न देणे हा त्याचा अपमान नव्हे, त्याच्या मतदाराचा अपमान होय. आणि त्याचा दोष ज्यांच्या हाती बहुमत आहे त्यांच्या माथी जातो.

चित्रफितीची बाजू

विरोधी सदस्य समाजमाध्यमांकडे का वळले, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. सभागृहात त्यांना बोलावयास मिळणारा वेळ पक्षाच्या संख्येवर ठरतो. लहान पक्षाच्या वाट्याला दोन-चार मिनिटे येतात. सभागृहातील कॅमेरा कोणावर रोखावयाचा हे त्यांच्या हाती नसते. वृत्तपत्रांतून एकेकाळी संसदेतील चर्चेचा वृत्तांत स्तंभच्या स्तंभ येत असे. आज तो दोन परिच्छेदांत आटोपतो, आणि त्यांतही कागद कोणी भिरकावला याचेच वर्णन अधिक. या पापात आम्ही वृत्तपत्रवालेही वाटेकरी आहोत. अशा स्थितीत एखाद्या खासदाराने आपले भाषण स्वतःच लोकांपर्यंत नेले, तर तो त्याचा हक्कच आहे. बॅ. नाथ पै यांचे लोकसभेतील वक्तृत्व ऐकावयास कोकणातील मतदाराला कोणतीच सोय नव्हती. आज वेंगुर्ल्याच्या शाळकरी मुलाला ती आहे. हा लाभ लहान नव्हे.

पण या लाभाला एक कीड लागली आहे. चित्रफितीसाठी बोलणारा सदस्य हळूहळू सभागृहाशी बोलेनासा होतो. ज्या मुद्द्याने मंत्री अडचणीत येईल, ज्या दुरुस्तीने कलमाची धार बोथट होईल, त्या मुद्द्याला आणि त्या दुरुस्तीला टाळ्या मिळत नाहीत. टाळ्या मिळतात त्या टोमण्याला, शेराला, आणि समोरच्याच्या नावावरील कोटीला. कलमवार चर्चेचा कंटाळवाणा तास, समितीतील महिनोन्महिन्यांचे वाचन, भिन्नमतपत्रिकेचा नीरस मजकूर यांची चित्रफीत होत नाही. म्हणून ते काम मागे पडते. आणि मत देण्याची कृती तर अवघी एका क्षणाची; तिच्यात दाखविण्यासारखे काहीच नसते. जे दाखविता येत नाही ते करण्याचे कारण उरत नाही, अशी ही नवी रीत आहे. सभात्यागाची मात्र चित्रफीत चांगली होते. हातात फलक, पायऱ्यांवर घोषणा! त्या पायऱ्यांवर उभे राहिलेल्या सदस्याचे विरोधी मत त्याच क्षणी सभागृहात गळून पडते, हे घोषणांच्या गजरात कोणाच्या लक्षात येत नाही.

नोंदलेल्या मताची किंमत

मत नोंदले गेले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर २० सप्टेंबर २०२३ चा दिवस आठवावा. लोकसभेने महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी संमत केले. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्यामुळे येथे आवाजावर भागत नाही. एकेक मत मोजावे लागते. विरोधात पडलेल्या दोन मतांपैकी एक असदुद्दीन ओवैसी यांचे आणि दुसरे औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे. आमच्या मते ती दोन्ही मते चुकीची होती. परंतु सर्व सभागृह एका बाजूला असता या दोघांनी आपले नाव विरोधात लिहविले, कारण सांगितले, आणि त्याचा जो काही हिशेब असेल तो मतदारापुढे देण्याची तयारी ठेवली. ज्याला ते मत पटले त्याने पटवून घ्यावे, ज्याला पटले नाही त्याने जाब विचारावा. प्रातिनिधिक राज्यपद्धतीचे याहून अधिक मागणे नसते.

उलट प्रकारही नोंदीमुळेच कळतो. ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झाले, तेव्हा शिवसेनेने त्यास पाठिंबा दिला; दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाच्या सदस्यांनी मतदानाकडे पाठ फिरविली. मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर नवे सरकार येऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. या पालटाचे समर्थन कोणी करील, कोणी निंदा करील. पण ती नोंद होती म्हणूनच त्याविषयी प्रश्न तरी विचारता आला. त्याच वर्षी ३० जुलैला तिहेरी तलाकविषयक विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ असे संमत झाले. त्या सभागृहात सत्ताधारी आघाडीला बहुमत नव्हते! काही पक्षांनी सभात्याग केला, आणि विरोधी बाकांवरील कितीतरी सदस्य त्या दिवशी आलेच नाहीत. अशा गैरहजर सदस्यांच्या भाषणांची शेकडो मिनिटे ऐकली तरी त्या एका दिवसाचे रिकामे आसन काही बोलत नाही. ते बोलते फक्त मतदानाच्या पत्रकात.

एका मताचे मोल किती असते, हे तर देशाने १७ एप्रिल १९९९ रोजीच पाहिले आहे. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले. त्या दिवशी सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षातून हकालपट्टी पत्करली.

पक्षादेशाची सबब

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याच्या सदस्यत्वावर गदा येऊ लागली. मग सदस्याचे मत हे त्याचे राहिलेच कोठे? ते पक्षाचे मत; त्याची नोंद ठेवून उपयोग काय? १९९२ साली किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला, पण सरकारच्या अस्तित्वाशी आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित मतदानापुरताच असा आदेश असावा, असेही सुचविले. ते सुचविणे कोणी मनावर घेतले नाही. आज लहानसहान विधेयकांनाही आदेश निघतो.

हे सारे मान्य करूनही सबब टिकत नाही. मत पक्षाचे असेल तर पक्षाने कोठे उभे राहावयाचे ठरविले, हे जाणण्याचा मतदाराला दुप्पट अधिकार आहे. शिवाय पक्षादेश मताला बांधतो. उपस्थितीला, अभ्यासाला, दुरुस्ती सुचविण्याला बांधीत नाही. मतविभागणी मागू नका, असा आदेश तर कोणताही विरोधी पक्ष उघडपणे काढू शकणार नाही. जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी विरोधकांचे हात दहाव्या परिशिष्टाने बांधलेले नव्हते. ते हात त्यांनी आपण होऊन खिशात ठेवले होते.

आता काय व्हावे?

ब्रिटिश कॉमन्स सभागृह १८३६ पासून आपल्या सदस्यांच्या मतांची नावनिशीवार यादी अधिकृतपणे प्रसिद्ध करीत आले आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने तर उपस्थितांपैकी एक-पंचमांश सदस्यांनी मागणी केली की होकार-नकाराची नोंद ठेवणे बंधनकारकच केले आहे. आपल्या लोकसभेत कळ दाबून मत देण्याची यंत्रणा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर मध्यरात्र उलटून गेल्यावरही २८८ विरुद्ध २३२ अशी मतमोजणी झालीच. तेव्हा वेळ नाही, साधन नाही, या सबबींना अर्थ नाही. प्रत्येक विधेयकाच्या अखेरच्या वाचनाच्या वेळी नावानिशी मत घ्यावे आणि ती यादी त्याच दिवशी सभागृहाच्या संकेतस्थळावर लावावी, असा नियम संसदेने आणि राज्य विधिमंडळांनी केला पाहिजे. आज सदस्यांची हजेरी, प्रश्न आणि भाषणे मोजून प्रगतिपुस्तके काढली जातात. त्या पुस्तकात मुख्य विषयाचा रकानाच कोरा आहे.

नियम होईल तेव्हा होईल. विरोधी सदस्यांना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या विधेयकाला आपण अन्यायकारक म्हणतो, त्यावर मतविभागणी मागणे हे त्यांच्याच हाती आहे. अध्यक्षांनी ती नाकारली तर नाकारल्याची चित्रफीत जरूर प्रसिद्ध करावी. ती पाहावयास आम्ही उत्सुक आहोत. आणि प्रत्येक अधिवेशनाच्या शेवटी भाषणांच्या ध्वनिचित्रमुद्रणाबरोबर एक साधा तक्ताही लावावा. कोणती विधेयके आली, मी कोणाच्या बाजूने मत दिले, केव्हा गैरहजर होतो आणि का, एवढेच त्यात असावे. १९७६ साली लोकसभेची मुदत वाढविण्यात आली तेव्हा ती लोकांनी दिलेली नाही म्हणून मधु लिमये यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यांना तुरुंगातून कोणतीही चित्रफीत काढता येत नव्हती. त्यांची कृती मात्र आज पन्नास वर्षांनीही स्पष्ट दिसते.

वाचकांनाही एक विनंती. आपल्या आमदाराची किंवा खासदाराची आवेशपूर्ण चित्रफीत हाती आली, आवडली, तर ती दहा जणांना अवश्य पाठवावी. पण पाठविण्यापूर्वी त्या सदस्यास एक ओळ लिहून विचारावे: ‘साहेब, भाषण उत्तम झाले. मत कोणाला दिलेत?’ हा प्रश्न हजार मतदारांनी विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. तोवर सभागृहात ‘होय’चा गलका चालूच राहील, आणि त्यात ‘नाही’ म्हणणारा आवाज आपल्या प्रतिनिधीचा होता की नव्हता, हे आपल्याला कळणार नाही.